बॉण्ड बदलतो, की फक्त बॉण्डचा नट बदलतो?

शिळोप्या (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, की डॅनियल क्रेगच्या आधीचा जेम्स बॉण्ड म्हणजे सूट चढवलेला पुठ्ठा. नट बदलायचे, पात्र जिथल्या तिथे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. रहस्यभेद भरपूर आहेत, ज्यांनी चित्रपट बघितले नाहीत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझं मत उलट आहे. बॉण्डला माणसात आणायचा प्रयत्न क्रेगच्या आधी दोनदा झाला, १९६९ मध्ये आणि १९८९ मध्ये. दोन्ही वेळा गल्ला आधीच्या चित्रपटापेक्षा कमी जमला आणि दोन्ही वेळा पुढच्याच चित्रपटात गाडी मागे घेतली गेली.

१९६९ म्हणजे 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (पुढे नुसतं 'मॅजेस्टी' लिहितो). जॉर्ज लेझनबी. बॉण्ड लग्न करतो आणि त्याच दिवशी, गाडीत बसलेली असताना, ट्रेसी गोळी लागून मरते. मोटारसायकलवरचा पोलीस येतो, त्याला हा सांगतो की ती जरा विश्रांती घेतेय. मग गोळीने भोक पडलेली काच, आणि चित्रपट खलास. पाठलाग नाही, सूड नाही. दोन वर्षांनी 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये शॉन कॉनरी परत आला. सुरुवातीलाच तिच्या मृत्यूमागच्या खलनायकाला, ब्लोफेल्डला, शोधत लोकांना बुकलतो, पण ट्रेसीचं नाव एकदाही तोंडातून निघत नाही.

१९८९ म्हणजे 'लायसन्स टू किल', टिमथी डाल्टन. मित्राचा, फेलिक्सचा, पाय शार्कच्या तोंडी, त्याची बायको डेला लग्नाच्या रात्री मारलेली, आणि बॉण्ड नोकरीवर लाथ मारून सुडाला निघालेला. त्यानंतर सहा वर्षं कोर्टकज्ज्यात गेली, आणि १९९५ ला पिअर्स ब्रॉस्नन केस विस्कटू न देता हजर.

मग पात्र वाढवलं कुणी? नटाने, लेखकाने, की आपोआपच वाढलं?

खारीक

जागा पकडून ठेवतोय. शेंगदाणे आहेत सोबत.

कोकमसरबत

पुठ्ठा म्हणणाऱ्यांनी 'डॉ. नो'मधला प्रोफेसर डेंटचा प्रसंग परत बघावा. १९६२ चा आहे.

पलंगावर उशा लावून, वर चादर ओढून बॉण्डने झोपलेल्या माणसाचा आकार केलाय. स्वतः दाराआड खुर्चीत पत्ते लावत बसलाय. डेंट येतो, पलंगावर सहा गोळ्या झाडतो. बॉण्ड त्याला पिस्तूल खाली टाकायला लावतो आणि गप्पा मारतो. बोलताबोलता डेंट पायाने सतरंजी ओढून त्यावरचं पिस्तूल जवळ आणतोय. बॉण्डला ते दिसतंय, तो बघून न बघितल्यासारखं करतो. डेंट पिस्तूल उचलून चाप ओढतो, नुसतं खट्ट. बॉण्ड शांतपणे सांगतो, तुझ्या सहा झाल्या. मग एक गोळी घालतो, आणि तो पडल्यावर वर आणखी एक, पाठीत.

निःशस्त्र माणसाला पाठीत गोळी, तीही नायकाने, १९६२ साली. यात पुठ्ठा कुठे दिसला?

रेवाळ

दुरुस्ती. डेंटच्या हातातलं पिस्तूल १९११ धाटणीचं कोल्ट दिसतं. त्याच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या बसतात, आणि संवादात मात्र नाव घेतलंय स्मिथ अँड वेसनचं. म्हणजे हिशेबाने डेंटकडे एक शिल्लक होती आणि मालिका पहिल्याच चित्रपटात आटोपायला हवी होती.

खारीक

रेवाळ :हहपुवा:

मध्यरात्र

त्या प्रसंगातला थंडपणा कॉनरीइतकाच दिग्दर्शक टेरेन्स यंगचा. कॉनरी एडिंबराचा, कधीकाळी दूध घालायचं काम केलेला, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला गडी. यंगने त्याला आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे नेलं आणि सूट घालून झोपायला लावलं. म्हणजे सकाळी उठल्यावर सूट हा पोशाख न वाटता कातडी वाटावी. काय खायचं, कसं चालायचं, सगळं यंगचं. मूळ कादंबऱ्यांचा लेखक इयान फ्लेमिंगला आधी हा माणूस पसंत नव्हता. नंतर इतका पटला, की पुढच्या कादंबऱ्यांत त्याने बॉण्डचा बाप स्कॉटिश करून टाकला.

म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं एक उत्तर असं, की नटाने पात्र बदललं, तेही थेट पुस्तकात.

शिळोप्या

कोकमसरबत, मध्यरात्र, दोघांशीही सहमत. पण पात्राला व्यक्तिमत्त्व असणं वेगळं आणि ते वाढणं वेगळं. १९६२ चा बॉण्ड आणि १९६७ चा बॉण्ड यात काय फरक सांगाल? माझ्या मते एवढाच, की कॉनरीला कंटाळा आलाय आणि तो पडद्यावर दिसतो.

कोकमसरबत

हे मात्र खरं. पाच वर्षांत पाच चित्रपट. पात्राला श्वास घ्यायला वेळच नाही. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये बॉण्डला अजून फसवता येत होतं. त्याला मारायला आलेला ग्रँट माशासोबत रेड वाइन मागवतो, बॉण्डला ते खटकतं, पण तो सोडून देतो आणि पुढे गुडघ्यांवर येतो. सुटतो कसा? ब्रीफकेसमध्ये आणखी सोन्याची नाणी आहेत असं आमिष दाखवून. ग्रँट केस चुकीच्या पद्धतीने उघडतो, टाल्कम पावडरच्या डब्यातला अश्रुधूर फुटतो, मग ती रेल्वेच्या डब्यातली मारामारी. केस उघडण्याची रीत चित्रपटाच्या सुरुवातीलाच क्यूने (हेरांना खेळणी-हत्यारं पुरवणारा) शिकवलेली असते, म्हणून चीड येत नाही. 'थंडरबॉल'पासून हेच उलटं झालं. खेळणं आधी ठरतं, मग ते वापरण्यासाठी संकट शोधतात.

तांबट

लेझनबीबद्दल थोडं. त्याने आधी धड अभिनय केला नव्हता, चॉकलेटच्या जाहिरातीतला मॉडेल. कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापले, कॉनरीने शिंप्याकडून न नेलेला सूट विकत घेतला आणि निर्मात्यांच्या दारात उभा राहिला. चाचणीच्या मारामारीत समोरच्या स्टंटवाल्याचं नाक फोडलं. तिथेच काम पक्कं झालं म्हणतात.

पण 'मॅजेस्टी' उभा आहे तो त्याच्यावर नव्हे. दिग्दर्शक पीटर हंट आधीच्या चित्रपटांचा संकलक, त्यामुळे मारामारीचे तुकडे चाकूसारखे. समोर डायना रिग, तिने प्रत्येक प्रसंगात त्याला सांभाळून घेतलंय. बॉण्ड सर हिलरी ब्रे बनून वावरतो त्या मोठ्या भागात तर आवाजही लेझनबीचा नाही, जॉर्ज बेकरचा आहे. म्हणजे मालिकेतला सगळ्यात हळवा बॉण्ड अर्धा उसन्या आवाजात आहे. तरी शेवटच्या दीड मिनिटात जो आहे तो त्याचाच, आणि तिथे तो कमी पडत नाही. कॉनरी असता तर त्या प्रसंगात एक भुवई वर गेली असती.

गारवा

मला एक कळत नाही. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये ब्लोफेल्ड आणि बॉण्ड समोरासमोर आलेत. 'मॅजेस्टी'मध्ये ब्लोफेल्ड त्याला ओळखतच नाही, नुसत्या चष्म्यावर आणि झग्यावर भागतं. म्हणून तर लोक म्हणतात ना, की 'जेम्स बॉण्ड' हे पदाचं नाव आहे, दर वेळी नवा माणूस येतो?

तांबट

कारण साधं आहे. कादंबऱ्यांत 'मॅजेस्टी' आधी (१९६३) आणि 'ट्वाइस' नंतर (१९६४). चित्रपट उलट्या क्रमाने काढले आणि 'मॅजेस्टी' पुस्तकाशी इमान राखून काढला. दोघांची पहिली भेट पुस्तकात जशी आहे तशीच उचलली. पदाच्या नावाचा काही संबंध नाही.

मध्यरात्र

पदाच्या नावाचा सिद्धान्त दर पाच वर्षांनी उगवतो आणि दर वेळी ट्रेसी त्याला गाडते. मोजा.

१९७७, 'द स्पाय हू लव्हड मी': रशियन हेर आन्या बॉण्डची माहिती म्हणून दाखवते, लग्न एकदाच, बायको मारली गेली, आणि रॉजर मूर तिला तिथेच तोडतो. संपूर्ण चित्रपटात त्याचा चेहरा तेवढा एकदाच पडतो. १९८१, 'फॉर युवर आइज ओन्ली': थडग्यावर ट्रेसीचं नाव आणि १९४३-१९६९. १९८९, 'लायसन्स टू किल': डेला गार्टर फेकते, बॉण्ड कसनुसा होऊन निघून जातो, फेलिक्स तिला सांगतो की याचंही लग्न झालं होतं, फार पूर्वी. १९९९, 'द वर्ल्ड इज नॉट इनफ': एलेक्ट्रा विचारते, प्रेमाचं माणूस गमावलंय का कधी, आणि ब्रॉस्नन विषय बदलतो.

लेझनबीची बायको, मूर, डाल्टन आणि बहुधा ब्रॉस्ननही विधुर. माणूस एकच. फक्त त्याचं वय कुणी मोजायचं नाही.

खारीक

एकीचं लग्न आणि चौघांना सुतक.

उंटावरचा_शहाणा

मूरवर अन्याय होतोय म्हणून लिहितो. पहिल्या चित्रपटाला ४५, शेवटच्या 'अ व्ह्यू टू अ किल'ला ५७. धावण्याच्या प्रसंगात कॅमेरा अचानक लांब गेला, की समजायचं, धावतोय तो दुसरा. हे मान्य. पण मूरने विनोदात काय लपवलंय ते बघा.

'ऑक्टोपसी' (१९८३). आपल्याकडे या चित्रपटाचं नाव काढलं की उदयपूर, रिक्षाचा पाठलाग, विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंड झोडपतोय, कबीर बेदी मुठीत फासे चुरडतोय, एवढंच आठवतं. (ताजमहालावरून उडून लगेच उदयपूर. आग्रा कुठे, उदयपूर कुठे!) आता जोकरचा प्रसंग आठवा. सुरुवातीला ००९ हा बॉण्डचा सहकारी हेर जोकरच्या वेषात पळतो, पाठीत सुरी बसते, मरता मरता नकली अंडं राजदूताच्या घरी पोचवतो. शेवटाकडे बॉण्ड तोच वेष चढवून अमेरिकी तळावरच्या सर्कशीत घुसतो. बॉम्बला काही मिनिटं उरलीत, हा ओरडून सांगतोय, आणि लोक हसताहेत. कारण जोकर ओरडतोय. मूर तिथे एकही मिश्किल नजर टाकत नाही. चेहऱ्यावर रंग, डोळ्यांत घाम. आधीचे पाच चित्रपट ज्याने हसवलं, त्याला नेमक्या वेळी कुणी गंभीरपणे घेत नाही. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

रेवाळ

+१. आणि लॉकची गाडी. 'फॉर युवर आइज ओन्ली'त कड्याच्या टोकावर लटकलेली गाडी, आत जखमी मारेकरी. मूर कबुतराची पिन त्याच्याकडे फेकतो आणि गाडीला लाथ घालतो. मूरला हे करायचं नव्हतं, आपला बॉण्ड असं करत नाही असं त्याचं म्हणणं. दिग्दर्शक जॉन ग्लेन अडून बसला. नट आणि पात्र यांच्यातली ओढाताण त्या एका लाथेत दिसते.

पाणीपुरीवाली

डाल्टनभक्त कुठे गेले?

सातवा_मजला

हजर. डाल्टनने भूमिका घेतल्यावर फ्लेमिंगची पुस्तकं घेऊन बसायचा प्रघात पाडला. सेटवरही पुस्तक हातात. त्याचा परिणाम बघायचा तर 'द लिव्हिंग डेलाइट्स'चे दोन प्रसंग पुरेत.

पहिला, ब्रातिस्लाव्हा. बॉण्ड खिडकीत रायफल रोखून बसलाय, डब्ल्यूए २०००. हुकूम असा, की समोरच्या इमारतीतला नेमबाज टिपायचा. दुर्बिणीत दिसते एक चेलोवादक पोरगी. तिची बंदूक धरायची पद्धत बघून हिला यातलं काही येत नाही हे त्याला एका क्षणात कळतं. तो मुद्दाम तिच्या बंदुकीवर गोळी घालतो. सोबतचा अधिकारी तक्रार करीन म्हणतो. डाल्टन वैतागून सांगतो: कर, एमने (बॉण्डचा वरिष्ठ) मला काढलं तर आभारच मानीन. हे मूळ कथेतलंच आहे, चित्रपटात पंचवीस वर्षांनी आलं.

दुसरा, व्हिएन्नाची जत्रा. तोच अधिकारी, साँडर्स, आता मित्र झालेला, सरकत्या काचेच्या दारात चिरडून मरतो. जमिनीवरून एक फुगा घरंगळत येतो, त्यावर रशियन शब्द. डाल्टन फुगा फोडतो, समोर फुगे दिसतात म्हणून पिस्तूल काढून धावतो, आणि पिस्तूल रोखलं जातं एका आईवर आणि तिच्या लहान मुलावर. दोन सेकंद. पण त्याआधीच्या पंचवीस वर्षांत बॉण्डने चुकीच्या माणसावर पिस्तूल रोखून शरमलेलं आठवतंय कुणाला?

उंटावरचा_शहाणा

मान्य, पण डाल्टनला विनोद झेपत नव्हता. चेलोच्या पेटीवर बसून बर्फावरून घसरणं त्याने असं केलंय, की जणू आयकर भरतोय.

सातवा_मजला

:) मान्य. ती पटकथा ठरत असताना पुढचा बॉण्ड कोण हेच नक्की नव्हतं. १९८६ ला ब्रॉस्नन जवळजवळ ठरला होता, त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या वाहिनीने ऐनवेळी करार वाढवला आणि तो अडकला. काही विनोद कुणाच्याही मापाने शिवलेले नाहीत, म्हणून डाल्टनला सैल पडतात. 'लायसन्स टू किल' मात्र त्याच्याच मापाचा. खलनायक सांचेझला तो बंदुकीने मारत नाही. पेट्रोलने भिजलेल्या सांचेझला विचारतो, कारण जाणून घ्यायचंय? आणि फेलिक्स-डेलाने लग्नात भेट दिलेला लायटर काढतो. पहिल्या दहा मिनिटांतली भेटवस्तू शेवटच्या दहा मिनिटांत हत्यार. क्यूच्या कुठल्याही खेळण्यापेक्षा नेमकी.

गारवा

ब्रॉस्ननला कुणी वाली नाही वाटतं?

तांबट

ब्रॉस्ननची अडचण अशी, की त्याच्या प्रत्येक चित्रपटात एक चांगला प्रसंग आहे आणि लगेच त्याची माती केलेली आहे. 'गोल्डनआय'मध्ये ज्युडी डेंचची एम त्याला तोंडावर शीतयुद्धातला डायनासोर म्हणते, फितूर सहकारी ००६ विचारतो की मारलेल्या माणसांच्या किंकाळ्या मार्टिनीने शमतात का, आणि ज्या बायकांना वाचवू शकला नाहीस त्यांच्याबद्दलची क्षमा दुसऱ्या बायकांच्या मिठीत मिळते का. 'वर्ल्ड इज नॉट इनफ'मध्ये तो एलेक्ट्राला समोरून गोळी घालतो आणि मग तिच्यावर वाकून थांबतो. हे सगळं क्रेगच्या तोडीचं. पण त्याच चित्रपटाचा शेवट ख्रिसमस नावाच्या नायिकेवरच्या चावट कोटीने होतो.

'डाय अनदर डे' तर हद्द. १४ महिने उत्तर कोरियाच्या तुरुंगात छळ, आपलीच माणसं संशय घेतात, दर्जा काढून घेतात. यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. इथे दाढी केली की चौदा महिने संपले. पुढे अदृश्य गाडी आणि संगणकात काढलेल्या लाटेवर सर्फिंग.

खारीक

अदृश्य गाडी कशी होती? मला दिसली नाही.

मध्यरात्र

आता क्रेग. २००५ ला नाव जाहीर झालं तेव्हा सोनेरी केसांवरून बहिष्काराची वेबसाइट निघाली होती, हे आता कुणी कबूल करत नाही.

'कॅसिनो रॉयाल'चं यश नटाइतकंच बांधणीचं. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल, ज्याने 'गोल्डनआय' केला तोच. जिन्यातली मारामारी संपते. बॉण्ड खोलीत येतो, आरशासमोर दारू ढोसतो, रक्त धुतो, शर्ट बदलतो, परत टेबलावर जाऊन बसतो. कॉनरी-मूरच्या चित्रपटांत हे मधलं कधी दाखवलंच नव्हतं. शर्ट आपोआप स्वच्छ असायचा. नंतर त्याची प्रेयसी व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली, हा सूटसकट शेजारी बसतो. आधी तिने अंतर्वस्त्रांत असावं असं ठरत होतं, क्रेगने कपडे राहू द्या म्हणून आग्रह धरला. धागाकर्ते, नटाने पात्र वाढवलं त्याचा हा पुरावा.

रेवाळ

आणि पोकर! पुस्तकात बाकारा आहे, चित्रपटात टेक्सास होल्डएम, कारण २००६ मध्ये जग तेच खेळत होतं. खेळ बदलल्याने पात्राचा फायदा झाला. बाकारात नशिबाचा भाग मोठा, होल्डएममध्ये समोरच्याला वाचायचं. बॉण्ड खलनायक ल शिफ्रची खूण पकडतो, तिच्यावर सगळं लावतो आणि आपटतो: याचं फुल हाउस, त्याचे चार गुलाम. एक कोटी डॉलर गेले. व्हेस्पर पुढचे पन्नास लाख द्यायला नकार देते, तुझा अहंकार आहे म्हणून. हरण्याचं कारण पत्ते नाहीत, तो स्वतः.

शेवटचा डाव मात्र फारच फिल्मी. टेबलावर बदाम एक्का, इस्पिक आठ, सहा, चार आणि इस्पिक एक्का. चौघे आत. एकाचा फ्लश, दुसऱ्याचं फुल हाउस, ल शिफ्रचं त्याहून मोठं फुल हाउस, आणि बॉण्डकडे इस्पिक पाच-सात, म्हणजे चार ते आठ स्ट्रेट फ्लश. दिवाळीच्या तीनपत्तीत कुणी असं दाखवलं तर पत्ते तपासतील.

पाणीपुरीवाली

तपासतील नाही, पानं वाटणाऱ्याला उठवतील.

गारवा

मग क्रेगमध्ये ज्युडी डेंच परत कशी? बॉण्ड नवा, एम जुनी?

तांबट

चेहरा तोच, बाई वेगळी. 'गोल्डनआय'ची एम नवीन रुजू झालेली, शीतयुद्धाला नावं ठेवणारी. 'कॅसिनो रॉयाल'ची एम मुरलेली, शीतयुद्धाची आठवण काढणारी. अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ चंही तेच. 'कॅसिनो'त जुगारात जिंकलेली गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, 'स्कायफॉल'मधली उजव्या हाताची, वर मशिनगन आणि फेकणारी सीट. म्हणजे 'स्कायफॉल'ने गुपचूप कॉनरीची गाडी क्रेगच्या गॅरेजात आणून लावली. भावना चाळवतात, हिशेब लागत नाही.

सातवा_मजला

क्रेगचं खरं दुखणं दुसरंच आहे. 'कॅसिनो' आणि 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये तो नवशिका. चार वर्षांनी 'स्कायफॉल'मध्ये एकदम थकलेला, नेम चुकणारा, जुन्या पठडीतला. मधला, ऐन भरातला बॉण्ड कुठेय? तो आपण पाहिलाच नाही.

कारणं कथेच्या बाहेरची. 'क्वांटम'च्या वेळी २००७-०८ चा लेखकांचा संप, पटकथा अर्धवट, क्रेग आणि दिग्दर्शकाने सेटवर बसून प्रसंग लिहिले. मग एमजीएमची आर्थिक ओढाताण. जगलेल्या वर्षांच्या जागी पडलेला खंड दिसतो. 'स्पेक्टर'ने ते बुजवायला ब्लोफेल्डला बॉण्डचा मानलेला भाऊ केलं आणि आधीच्या तिन्ही खलनायकांना त्याचे नोकर. व्हेस्परचा मृत्यू एका भावाच्या मत्सरापायी? घोर निराशा.

खारीक

त्यात 'स्पेक्टर'ची चुंबनं आपल्या सेन्सॉरने निम्म्यावर आणली होती. आपल्याकडे प्रेमकथाही अर्धीच पोचली.

वाटसरू_१२

सगळा धागा वाचला, बॉण्ड फक्त तुकड्यातुकड्यांत पाहिलाय. २५ बघायला वेळ नाही. फक्त पात्राचा प्रवास बघायचा तर काय बघू?

शिळोप्या

'फ्रॉम रशिया विथ लव्ह', मग 'मॅजेस्टी' (१४२ मिनिटं, अर्ध्यात सोडू नका, पहिला तास रेंगाळतो). 'फॉर युवर आइज ओन्ली'चा थडग्याचा प्रसंग आणि लॉकची गाडी. मग डाल्टनचे दोन्ही. 'गोल्डनआय'. नंतर 'कॅसिनो' आणि 'क्वांटम' एकाच बैठकीत, १४४ आणि १०६, म्हणजे सव्वाचार तासांच्या आत. 'क्वांटम' एकटा बघितला तर काही कळत नाही, कारण तो 'कॅसिनो' संपल्यावर तासाभरात सुरू होतो, डिकीत 'कॅसिनो'च्या शेवटी पकडलेला मिस्टर व्हाइट असतानाच. मग 'स्कायफॉल'. 'स्पेक्टर' नाइलाजाने, नाहीतर 'नो टाइम टू डाय'मधली मॅडलीन कोण ते कळणार नाही.

उंटावरचा_शहाणा

'ऑक्टोपसी' वगळल्याचा निषेध.

कोकमसरबत

मूळ प्रश्नावर येतो. माझ्या मते पात्र वाढवलं कॅलेंडरने. कॉनरीचे पहिले पाच चित्रपट पाच वर्षांत, क्रेगचे पाच पंधरा वर्षांत, ३८ ते ५३. इतक्या अंतराने तोच माणूस परत आला की वय दाखवावंच लागतं. मूरच्या वेळीही नट म्हातारा होत होता, पण भोवतीचं ऑफिस हलत नव्हतं. लोइस मॅक्सवेल १४ चित्रपट एमची सचिव मनीपेनी, बर्नार्ड ली ११ चित्रपट एम, डेस्मंड ल्युएलिन १७ चित्रपट क्यू. टेबल, खुर्ची, टोमणे तेच. तिथे बॉण्डने वाढायचं तर कुणासमोर? क्रेगच्या काळात एम मरते, मनीपेनी आधी बॉण्डलाच गोळी घालते, क्यू पोरगेला येतो. ऑफिस बदललं तेव्हा माणूस बदलला.

तांबट

हे पटलं. आता पुढे? २०२५ ला सर्जनशील हक्क मालिकेच्या निर्मात्या ब्रोकोली कुटुंबाकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले, दिग्दर्शक दनी व्हिलनव, लेखक स्टीवन नाइट. नट कुणीही आणा, चाचणीला 'फ्रॉम रशिया'मधला बेडरूमचा प्रसंग करून घेण्याची रीत आहे: न्हाणीतून बाहेर यायचं आणि बिछान्यात बाई बघून दचकायचं नाही. तिशीतला नसेल तर पाच चित्रपट होईस्तोवर मूर होतो.

सातवा_मजला

थडग्याचा विषय वर निघाला म्हणून एक जोड लावून देतो. १९८१ ला मूर ट्रेसीच्या थडग्यावर फुलं घेऊन जातो. धर्मगुरू निरोप आणतो, हेलिकॉप्टर आलंय. त्यात बसतो, ते दुसऱ्याच्या रिमोटवर, थडग्यापासूनच घात सुरू. पाच मिनिटांत मूर चाकाच्या खुर्चीतल्या टकल्याला कारखान्याच्या धुराड्यात टाकतो आणि ट्रेसी पुन्हा विसरली जाते.

२०२१ ला क्रेग इटलीत मातेरा गावी व्हेस्परच्या थडग्यावर जातो. क्षमा कर म्हणतो, तिथेच बॉम्ब फुटतो. पुन्हा थडग्यापासून घात. पण हा कुणाला धुराड्यात टाकत नाही. जिवंत असलेल्या बाईवर संशय घेतो, तिला आगगाडीत बसवतो आणि पाच वर्षं गमावतो. वर लुई आर्मस्ट्राँगचं तेच गाणं, जे १९६९ ला ट्रेसीसाठी होतं.

एकच प्रसंग, चाळीस वर्षांच्या अंतराने दोनदा.

शिळोप्या

हे सुटलं होतं माझ्याकडून. म्हणजे २००६ ला नवीन काही सुरू झालंच नाही, १९६९ चं येणं वसूल होत होतं. वाटसरू, थडग्याचा प्रसंग दोन्ही चित्रपटांतला लागोपाठ बघा, यादीत बदल करतो.

उंटावरचा_शहाणा

बदल करतच आहात तर 'ऑक्टोपसी'.

रेवाळ

आणि डेंटची ती सातवी गोळी.